पायातला जीव

॥ श्री ॥

सोनई, ता. नेवासे
१४ नोव्हेंबर १९७१

ती. गं. भा. आईस, बालके मनकर्णाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. ह्यांना पुण्याच्या इस्पितळातून घरी आणल्यापासून मला धड जेवायलाही सवड नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना कडबा काढायला म्हणून गंजीवर चढलेला माणूस पाय घसरून पडतो काय आणि कंबरेखाली लाकूड होऊन परत येतो काय! भेटायला येणारे म्हणतात, गोरक्ष, विहिरीत पडला असतास तर सांगायला तरी बरं होतं, कडब्यावरून पडून कुणाचा कणा मोडतो का? हे त्यावर हसतात. मला हसू येत नाही.

पण आजची बातमी चांगली आहे. परवा मी ह्यांचं अंग पुसत होते. डाव्या तळव्याला ओलं फडकं लागलं आणि पाऊल थडथड उडायला लागलं. मग गुडघाही आपोआप वर आला. मी ओरडलेच. आत्याबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या, त्यांनी लेकाचा पाय पाहिला आणि तिथेच डोकं टेकलं. म्हणाल्या, माझ्या कानिफनाथानं पायात जीव घातला, आता रंगपंचमीला पोराला मढीच्या गडावर घिऊन जायाचं.

तेव्हापासून घरात रीघ लागली आहे. आलेल्या माणसाला आत्याबाई चहाच्या आधी पाय दाखवतात. खराट्यातली एक काडी काढून ठेवली आहे, ती तळव्यावरून ओढली की पाय उडतो आणि बाया हात जोडतात. काल एक बाई पायापुढे नारळ ठेवून गेली. मी ह्यांना हळूच विचारलं, कसं वाटतं? म्हणाले, मी काही केलं नाही, तो त्याचा त्याचा उडाला. पण सुरुवातीला असंच असेल ना? आधी आपोआप, मग ठरवून.

तिकडे थंडी पडली असेल. अंगावर घोंगडी घेत जा. काळजी थोडी कमी कर, माया आहे तेवढीच राहू दे.

तुझी
मनकर्णा

---

॥ श्री ॥

पुणतांबा
२२ नोव्हेंबर १९७१

चि. सौ. मनकर्णा हिस, राहीबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं, दोनदा वाचलं. तुला ठाऊक आहे, मी अक्षरं तुझ्याच पाटीवर शिकले, त्यामुळे सावकाश वाचते आणि मधलं काही सुटत नाही. जावईबापू म्हणाले की मी पाय उडवला नाही. तुझ्या पत्रात तेवढं एकच वाक्य खरं आहे.

ज्याचा पाय त्याला न विचारता उडतो, तो पाय त्याचा राहिलेला नाही, मनू. मान कापलेली कोंबडी अंगणभर पळते. लहानपणी ते पाहून तू रडली होतीस. ती पळते म्हणून आपण तिला पुन्हा दाणे टाकले नव्हते.

हे वाचून तू माझ्यावर दात खाशील. खा. पण आधी ती काडी चुलीत घाल. स्टेशनमास्तरांच्या मंडळींकडून घरगुती वैद्यकाचं एक जाडजूड पुस्तक आणून वाचते आहे. त्यात लिहिलं आहे की कण्याला मार लागलेल्या माणसाचे स्नायू पुढे ताठतात, झटके देतात, आणि जितकं डिवचावं तितके जास्त देतात. टाचा घासून जखमा होतात. उपाय काय ते त्यात नाही, पुस्तक जुनं आहे. म्हणून नगरला चांगल्या डॉक्टरांकडे घेऊन जा. विहीणबाईंना सांग, तुमच्या देवाला भेटायला नगरवरूनही जाता येतं.

तू वाळली असशील. दुधाचं भांडं जावयापुढे ठेवतेस, त्यातलं अर्धं तू पी. इथे सगळं ठीक. गाड्या वेळेवर नाहीत, मी आहे.

आशीर्वाद देणारी तुझी
आई

---

॥ श्री ॥

सोनई
२४ डिसेंबर १९७१

ती. गं. भा. आईस, बालके मनकर्णाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं कोंबडीचं पत्र मी ह्यांच्यापासून लपवून ठेवलं. महिनाभर उत्तर लिहिलं नाही ते रागानेच. लढाईची गडबड चालू होती हे नुसतं निमित्त. मनात असं येऊन गेलं की तुला कुणी आशा दिली नाही म्हणून तू माझीही काढून घेतेस. आलं ते लिहिलं. तूच मला आडपडदा ठेवायला शिकवलं नाहीस.

मागच्या आठवड्यात नगरला गेलो. थोरले दीर काकासाहेब नागापूरला कारखान्यात लागले आहेत, त्यांनी ओळख काढली होती. डॉक्टरांनी कागदावर कणा काढला. म्हणाले, मेंदूकडून पायाला जसा हलायचा हुकूम जातो तसा आवरायचाही जातो. ह्यांच्या कण्यातला दोर मधेच तुटला, आता दोन्ही हुकूम खाली पोचत नाहीत. तुटल्याच्या खालचा भाग बेलगाम झाला आहे. जरा शिवलं की सगळे स्नायू एकदम आखडतात. त्याला जीव आला म्हणत नाहीत.

डायझेपाम नावाच्या गोळ्या दिल्या आहेत, दिवसातून तीन वेळा. ती गोळी कण्यातला हा दंगा निववते, स्नायू सैल होतात, झटके कमी येतात. तुटलेलं मात्र जोडत नाही. झोप येईल, म्हणाले. आणि एक गोष्ट दोनदा बजावली की गोळ्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. शरीराला सवय लागते. बंद करायच्या झाल्या तर हळूहळू उतरवत, त्यांना विचारून. एकदम तोडल्या तर आहे त्याच्या दुप्पट झटके येतात, फिटसुद्धा येते.

मी विचारलं, चालतील ना? डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तुझंच खरं झालं. आता बरं वाटलं असेल. तरी माझ्यावर राग धरू नकोस, धरलास तर लिहून कळव, म्हणजे पत्र तरी येईल.

मनकर्णा

---

॥ श्री ॥

पुणतांबा
३ जानेवारी १९७२

चि. सौ. मनकर्णा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

खरं ठरल्याने मला कधीच बरं वाटलेलं नाही.

तुझे वडील कशाने गेले हे तुला ठाऊक आहे, कसे गेले ते मी कधी सांगितलं नाही. आता तू त्याच वाटेवर उभी आहेस म्हणून सांगते. रुळाच्या कामावर टाचेत खिळा गेला आणि धनुर्वात झाला. आधी जबडा बसला, मग पाठ. भांडं आपटलं, दार वाजलं, उजेड पडला, तरी सबंध अंग धनुष्यासारखं उचललं जाई आणि टाच व डोकं तेवढं जमिनीला टेके. ते शुद्धीवर होते. रेल्वेच्या डॉक्टरांनी खोलीत अंधार करा, आवाज करू नका असं सांगितलं आणि गेले. त्या वेळी त्यांच्याकडे असल्या गोळ्या नव्हत्या. मग गावातली शहाणी माणसं आली. म्हणाली, ह्याच्या अंगात येतंय, वाजवा. त्यांनी खोलीच्या तोंडाशी हलगी लावली. हलगीच्या प्रत्येक टिपरीला ते वाकत होते, आणि लोक म्हणत होते, बघा, देव ऐकतोय. तू माझ्या कडेवर होतीस.

म्हणून त्या डॉक्टरांच्या गोळीला मी इथूनच नमस्कार केला. चालणं दिलं नाही तर नाही दिलं. निवांतपणा देते, तो घे. बसायला लागले की हाताला काम दे. रिकामा माणूस आढ्याकडे पाहून नको ते मोजत बसतो.

तुझ्यावर राग नाही. राग धरायला तू एकटीच उरली आहेस, मग तो जपून वापरायला हवा.

तुझी
आई

---

॥ श्री ॥

सोनई
१८ फेब्रुवारी १९७२

ती. गं. भा. आईस, मनकर्णाचा नमस्कार वि. वि.

गोळ्यांनी फरक पडला. गुडघे वाकतात, त्यामुळे ह्यांना ओट्यावर खांबाला टेकवून बसवता येतं. टाचेची जखम सुकली. हे बसून घायपाताचं चऱ्हाट वळतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणतात, मला बांधायला ठेवलंय, तुमच्या बैलाला नाही देणार. किती महिन्यांनी त्यांची थट्टा ऐकली.

पण सगळं गोड नाही. गोळी घेतली की जीभ जड होते, वळता वळता मान खाली पडते, ओठातून लाळ येते. एकदा बसल्या जागी कलंडले. पूर्वी पाय ताठ होते तेव्हा गडी आणि मी धरून उभं करायचो, त्या ताठपणावरच ते घटकाभर उभे राहायचे. आता उभं केलं की दोर सुटलेल्या बाजेसारखे खाली बसतात. डॉक्टरांनी सांगितलं की ताठपणा गेला की त्याचा आधारही जातो, गोळी किती द्यायची ते त्यातूनच जमवायचं.

आत्याबाई काही ऐकत नाहीत. काडी ओढली तरी पाय उडत नाही. तीन आळ्यांत त्यांनी सांगितलंय, देवानं घातलेला जीव सुनंनं गोळ्या चारून काढून घेतला. माणसं यायची थांबली. ती नारळवाली बाई परवा दारावरूनच विचारून गेली, का वो, नवस फिरला का? आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. आता म्हणतात, रंगपंचमी आली, देवापुढं मेला पाय घिऊन जाऊ व्हय? आठ दिस गोळ्या बंद कर, पाय पुन्हा उडंल, मग देव काय करायचं ते करंल.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. तरी विचारते. कारण आई, आता खोटं नाही लिहीत, तो पाय पुन्हा एकदा उडताना पाहावा असं मलाही वाटतं. ह्यांची सबंध हालचाल तेवढीच राहिली होती.

उलट टपाली लिही. रागाने लिहिलंस तरी चालेल.

मनकर्णा

---

पुणतांबा
२१ फेब्रुवारी १९७२

चि. सौ. मनकर्णा हिस आशीर्वाद.

एक गोळीसुद्धा चुकवू नकोस. डॉक्टरांनी दोनदा सांगितलेलं तू मला लिहून कळवलंस आणि स्वतः विसरलीस. मढीला जायचं तर जा, गोळ्या बरोबर घेऊन जा. विहीणबाईंचा देव सैल पायावर रागावेल इतका हलका नसेल.

तुला पाय उडताना पाहायचा आहे. तो उडतो तेव्हा जावयाला काय होतं, ते तू तुझ्या पत्रात एकदाही लिहिलेलं नाहीस.

आई

---

॥ श्री ॥

सोनई
१६ मार्च १९७२

ती. गं. भा. आईस नमस्कार.

तुझं पत्र वेळेत मिळालं. वाचलं. पेटीत ठेवलं.

गोळ्या बंद केल्या. चौथ्या दिवशी पाय उडाला आणि आत्याबाईंनी आळीत गूळ वाटला. मीही खाल्ला. नंतर दोन्ही पाय उडायला लागले, मग पोट आखडायला लागलं. ह्यांना झोप नाही, अंगाला घाम, चऱ्हाट धरायला हात स्थिर नाहीत. मी म्हटलं, आत्याबाई, देऊ का एक? त्या म्हणाल्या, आता तोंडाशी आलंय, नाट लावू नको.

सोनईहून देवाला निशाणाची काठी जाते, तिच्याबरोबर ट्रकमधून गेलो. गडाच्या पायऱ्यांपाशी गर्दी, ढोल, रेवड्यांची उधळण. तिथे ह्यांना फिट आली. डोळे फिरले, जीभ चावली गेली, आणि दोन्ही गुडघे पोटाशी असे ओढले गेले की जणू कुणी दोरीने बांधले. लोक म्हणाले, वारं आलं, धरा, सरळ करा. चार गडी पायांवर बसले. उजव्या मांडीचं हाड मोडलं तो आवाज मला ऐकू आला. फिट उतरल्यावर ह्यांनी लोकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला विचारलं, काय मोडलं ग? त्यांना काहीच कळलं नव्हतं.

नगरला नेलं. डॉक्टर मला रागावले नाहीत. पायाला प्लास्टर घातलं, गोळ्या परत सुरू केल्या. म्हणाले, निजून राहिलेल्या माणसाचं हाड खडूसारखं होतं, स्नायू आखडला असताना बळ लावायचं नसतं.

आत्याबाई गावात सांगतात, देवानं पायाला एवढी ताकद दिली की हाड मोडलं.

तू येऊ नकोस. मला तुझं तोंड बघवणार नाही.

मनकर्णा

---

॥ श्री ॥

सोनई
७ एप्रिल १९७२

ती. गं. भा. मामींस, गोरक्षचा सा. नमस्कार वि. वि.

जावई म्हणून मी पहिल्यांदाच आपणांस लिहीत आहे. शब्द मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या. मनकर्णा दिवसभर शेतावर असते, तिला न सांगता लिहितो.

तिला बोल लावू नका. गोळ्या बंद करताना तिने मला विचारलं होतं. मीच हो म्हणालो. डॉक्टरांनी कागदावर काढलेला दोर मलाही कळला होता, पण रोज काडी ओढून पाय उडवतात आणि बाया हात जोडतात, तेव्हा आपला पाय आपल्याला सोडून बाकी सगळ्यांना खरा वाटतो. मग मलाही वाटायला लागलं की कदाचित माझंच चुकत असेल.

आता अडचण अशी आहे. गोळ्यांचा डबा आईने स्वतःकडे घेतला आहे. कधी एक देते, कधी देत नाही. म्हणते, प्लास्टर निघालं की पार बंद करू आणि पुढल्या खेपेला गडावर चढवू, औंदा देवानं नुसती चुणूक दाखवली. ज्या दिवशी गोळी मिळत नाही त्या दिवशी प्लास्टरच्या आत पाय ओढ घेतो. दुखत नाही, पण आत घासून जखम झाली असावी, वास येतो. मनकर्णा बोलली की आई म्हणते, तू गप, तूच पाय मारलास. ती विळा उचलून शेतावर निघून जाते.

बोलायचं तर मीच बोलायला पाहिजे. आईसमोर तोंड उघडतो आणि दुसरंच काही बोलतो. काल नागापूरहून काकासाहेबाचं पत्र आलं. आईला अक्षर येत नाही, दिवसा घरात वाचणारा मी एकटा, म्हणून आलेलं पत्र मीच वाचून दाखवतो. त्याने विचारलं होतं, पायाचं कसं काय? आई म्हणाली, लिही, बरा हाय. मी लिहिलं, बरा आहे.

आपण वडील आहात. काही सुचलं तर कळवा. मुलगा समजून दोन शब्द कमीजास्त बोललात तरी ते मला गोडच वाटतील.

आपला
गोरक्ष

---

॥ श्री ॥

पुणतांबा
१२ एप्रिल १९७२

गं. भा. विहीणबाई दगडाबाई यांस, राहीबाईचा नमस्कार. विनंती विशेष,

आपली भेट लग्नानंतर फारशी झाली नाही. मी तुमच्या घरी मुलगी दिली, तुम्ही तिला दोन वर्षं बरं वागवलंत. ते मी विसरलेले नाही. इथे ऊन तापलं आहे, तिकडेही असेल. गुरांना पाणी पुरतं आहे ना?

विहीणबाई, हे पत्र तुम्हाला जावईबापू वाचून दाखवत आहेत. मनकर्णा शेतावर आहे. तुम्ही त्यांच्या उशाशी बसल्या असाल आणि गोळ्यांचा डबा तुमच्याजवळ असेल. जावईबापू, इथून पुढे सावकाश वाचा आणि काही गाळू नका. यातलं सगळं मी मनकर्णाला वेगळ्या कार्डावर लिहिलं आहे, ती आज विचारील.

आपण दोघी कुंकू पुसलेल्या बायका आहोत. माझा माणूस झटके देत गेला, तेव्हा माझ्या दारात लोक वाजवत होते. मी तरुण होते, परकी होते, मला कुणी विचारलं नाही. तुम्हाला विचारणारे खूप आहेत. तुम्ही त्यांना पाय दाखवलात, तोवर ते आले. गडाच्या पायऱ्यांवर तुमच्या मुलाचं हाड मोडलं, तेव्हा त्यांच्यातला नगरपर्यंत बरोबर कोण आला, ते आठवून बघा.

गोळी पाय मारत नाही. पाय पोळ्याच्या आदल्या दिवशी गेला. गोळी फक्त त्याला ओढाताणीतून सोडवते. ती कधी दिली, कधी नाही दिली तर प्लास्टरच्या आतली जखम हाडापर्यंत जाईल. तिथे गेल्यावर ती माणूस घेते. मग डबा कुठे ठेवायचा हा प्रश्न राहणार नाही, आणि माझी मनकर्णा आपल्या दोघींत येऊन बसेल.

हे मी सांगून तुम्ही ऐकणार नाही. सुनेच्या आईचं कुणी ऐकतं का? डॉक्टरांचं ऐकलं नाहीत, सुनेचं ऐकलं नाहीत. ज्याचा पाय आहे तो तुम्हाला दुखवायला भितो, म्हणून रोज बरा आहे म्हणतो आणि तुमच्याच हातून मरतो आहे. म्हणून त्याने काय बोलायचं ते मी लिहून देते. जावईबापू, पुढची ओळ माझी नाही, तुमची आहे. मान वर करून, आईच्या तोंडाकडे बघून वाचा.

आई, मी आता कधी चालणार न्हाई. डबा माझ्या हातात दे.

वाचलं असेल तर पत्र बाजूला ठेवा, विहीणबाईंना रडू द्या, पण हात पुढे केलेला मागे घेऊ नका. विहीणबाई, यानंतर तुमचा माझ्यावर लोभ राहणार नाही हे मी धरूनच चालले आहे. तो मुलाला दिलात तरी मला पोचला.

राहीबाई